अण्णांना मेणा दरवाज्याने गडावर येऊ द्या

पत्र : आम्ही भांडुपला राहतो. घरात मी, माझे यजमान, नववीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचं वय ७४. एक गुडघा दुखतो, रक्तदाबाची गोळी चालू आहे. लेकीच्या इतिहासात यंदा शिवाजी महाराज आहेत, त्यामुळे घरात रोज रायगडाचा विषय निघतो. अण्णांनी आयुष्यात रायगड पाहिलेला नाही. त्यांचा हट्ट असा की गड पायीच चढायचा, ‘रोपवेच्या पाळण्यात बसून महाराजांकडे जायचं नाही.’ मुलाला जूनमध्ये राज्याभिषेक सोहळ्यालाच जायचं आहे. यजमानांना रविवारचीच सुट्टी, म्हणून ते म्हणतात पहाटे निघू, दुपारपर्यंत गड उरकू आणि हरिहरेश्वर करून रात्री परत येऊ. प्रत्येकाचं मन कसं राखू? आणि अण्णांना नाही कसं म्हणू?
— एक वाचक, भांडुप

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातला खरा पेच अण्णांचा आहे, म्हणून आधी त्यांचंच बघू. तारीख, गाडी, मुक्काम हे सगळं त्याच्या मागून ठरत जाईल.

रायगडाच्या पायऱ्या दीड हजारांच्या आसपास आहेत. त्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, आणि महादरवाजाच्या आधीचा चढ चांगल्या तरण्या माणसाला दोनदा बसवतो. गुडघ्याचा खरा त्रास तर उतरताना होतो, हे अण्णांना वयाने ठाऊक असेलच. त्यामुळे पायी चढाई सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रोपवेने गेले तरी वर दोन-तीन तास चढउतार करत फिरायचं असतं, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या.

पण अण्णांचा हट्ट गुडघ्यावरून सुरू झालेला नाही, तो मानावरून सुरू झालाय. महाराजांच्या दारी आपण कष्ट न करता जायचं, याची त्यांना लाज वाटते. त्या भावनेचा मला आदर आहे, आणि तिला उत्तरही आदरानेच द्यायला हवं. ते उत्तर पाचाडला आहे.

जिजाऊंचा जन्म १५९८चा. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या, म्हणजे जवळपास अण्णांच्याच वयाच्या. गडावरचा वारा आणि गारठा त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला पाचाडात वाडा बांधला. सोहळ्याला त्या गडावर आल्या, लेकाला छत्रपती झालेलं डोळ्यांनी पाहिलं, आणि नंतर पंधरवडाही उलटला नाही तोच, १७ जूनला, पाचाडच्या वाड्यात त्यांनी देह ठेवला. आता सांगा, त्या वयात, त्या प्रकृतीत ती माऊली हा डोंगर पायी चढली असेल का? पालखीतून किंवा मेण्यातून, म्हणजे बंद पालखीतूनच, आल्या असणार. राजवाड्याच्या एका दाराला पालखी दरवाजा म्हणतात आणि दुसऱ्याला मेणा दरवाजा. ज्यांना चालवत नाही त्यांना वाहून आणण्याची रीत या गडाला नवी नाही, आणि त्यात कुणाचा मान कमी होत नव्हता.

रोपवे हिरकणीवाडीतून सुटतो. १९९६ पासून आहे, चार-पाच मिनिटांत वर पोचवतो. वरच्या स्थानकावरून थोडं चढून गेलं की गडात शिरायची वाट मेणा दरवाज्यातूनच आहे. जिजाऊंच्या वयाचा माणूस मेणा दरवाज्यातून राजवाड्यात येतोय, हे अण्णांना सांगा. पण तुम्ही नका सांगू. सुनेने ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हटलं की त्याचा अर्थ वेगळाच लागतो. हे लेकाने बापाला सांगायचं काम आहे, आणि तेही गुडघ्याचा विषय न काढता.

तरीही पायरीला पाय लागला नाही ही रुखरुख त्यांना राहील. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांना चित दरवाज्याशी घेऊन जा. पायरीला हात लावू द्या, नमस्कार करू द्या, दहा-वीस पायऱ्या चढायच्या म्हणाले तर बरोबर चढा आणि बरोबर उतरा. मग सकाळी ते रोपवेत बसतील.

‘आदल्या संध्याकाळी’ असं मी लिहिलंय, यावरून माझं दुसरं मत तुमच्या लक्षात आलं असेल. रायगड एका दिवसात उरकू नका. भांडुपहून ऐरोलीमार्गे पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड असं जाऊन, महाडपासून साधारण २५ किलोमीटर आत वळलं की पाचाड. मुंबई-गोवा महामार्ग कितीही सुधारला तरी इंदापूर-माणगावच्या पट्ट्यात गाडी कधी अडेल ते सांगता येत नाही, आणि रविवारी संध्याकाळी अख्खं कोकण मुंबईकडे परतत असतं. पाच तास जायला आणि सहा-सात तास यायला धरले, तर गडासाठी उरतं काय? भर दुपारचं ऊन आणि घड्याळाकडे बघणारे यजमान. त्यात हरिहरेश्वर घालणं म्हणजे दोन्हीकडे नुसतं तोंड दाखवून येणं. हरिहरेश्वर वेगळं करा, ते कुठे जात नाही.

यजमानांना एक दिवस रजा काढायला सांगा, सोमवारची. रविवारी सकाळी नाश्ता करून निघा, वाटेत पेण-वडखळच्या आसपास थांबा, दुपारी जेवायला पाचाड गाठा. त्या वेळी तुम्ही गर्दीच्या उलट दिशेला असाल. सोमवारी गड बघून दुपारनंतर निघालात तर रस्ताही बराच मोकळा मिळेल. गाडी चालवायचा कंटाळा असेल तर कोकण रेल्वेने माणगाव किंवा वीर स्टेशनला उतरून पुढे रिक्षा-जीप करता येते. दिवा-सावंतवाडी दोन्हीकडे थांबते. मात्र अण्णा बरोबर आहेत, तेव्हा स्वतःची किंवा भाड्याची गाडीच सोयीची.

यजमानांना मुंबईच्याच एका माणसाची गोष्ट सांगा. हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, मे १६७४ मध्ये मुंबईहून रायगडाला निघाला. होडीने चौल, तिथून पुढे जमिनीवरून मजल-दरमजल. पाचाडला पोचला तर महाराज प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेलेले! मग तो पायथ्याशी मुक्काम ठोकून बसला, वर बोलावणं आल्यावर चढला आणि राज्याभिषेकाचं डोळ्यांदेखतचं वर्णन लिहून ठेवून गेला. व्यापाराच्या सवलती मागायला आलेल्या माणसाने पाचाडात थांबून वाट पाहिली, तर आपण एक रात्र द्यायला काय हरकत आहे?

रविवारची संध्याकाळ जिजाऊंसाठी ठेवा. वाड्याची तटबंदी, आतली तक्क्याची विहीर, आणि थोड्या अंतरावर त्यांची समाधी. बहुतेक मंडळी रोपवेच्या रांगेच्या घाईत गाडीतूनच हात जोडून पुढे जातात. तसं करू नका. वाड्याच्या अंगणात उभं राहून वर बघितलं की गडाचा कडा समोर येतो, आणि आई खाली, मुलगा वर, ही कल्पना चौथीतल्या मुलीला पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा लवकर कळते.

मुलाच्या हट्टाबद्दल. ६ जूनला तारखेने आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीने, असे दोन्ही सोहळे गडावर होतात. लाखांनी माणसं येतात. वाहनं दूरवर थांबवावी लागतात, पाऊस तोंडावर असतो, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. तो सोहळा अनुभवावा असाच आहे, मुलाच्या इच्छेत काही चूक नाही. पण अण्णांना आणि धाकटीला घेऊन, घरातल्या कुणीही आधी गड पाहिलेला नसताना, नाही. त्याला शब्द द्या की दहावी झाली की बाबांबरोबर खास सोहळ्याला पाठवू. त्या वेळी सदर कुठे, नगारखाना कुठे हे त्याला माहीत असेल, आणि सोहळ्याचा अर्थ गर्दीतही हरवणार नाही.

मग जायचं कधी? पावसाळ्यात अजिबात नाही. घाटमाथ्याचा पाऊस सुरू झाला की पायऱ्यांवरून अक्षरशः ओढे वाहतात, दरडी सुटतात, प्रशासन पायी वाट बंदही करतं. ऑक्टोबरची उकाड्याची तिरीप गेली की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हवा उत्तम. डिसेंबरात शाळांच्या सहली असतात, नाताळात कोकणची गर्दी. म्हणून दिवाळीच्या सुट्टीचा शेवट किंवा त्यानंतरचा एखादा साधा आठवडा धरा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने महाराजांच्या आणि मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात रायगड आहे. त्यामुळे शनिवार-रविवारची वर्दळ वाढलेलीच धरून चला.

आता सोमवारची सकाळ. तुम्ही सगळ्यांचं मन राखायला निघालात, पण तुम्हाला स्वतःला काय हवंय याबद्दल पत्रात एक ओळ नाही. म्हणून मीच सुचवते. अण्णांबरोबर रोपवेने यजमानांना जाऊ द्या, आणि मुलांना घेऊन पायी तुम्ही चढा. बाप-लेकाला तेवढाच निवांत वेळ मिळेल, आणि महादरवाजाचे ते दोन भव्य बुरुज वळणाआडून एकदम समोर येतात तो क्षण तुमच्या वाट्याला येईल. शत्रूला शेवटपर्यंत दार दिसू नये अशी त्याची रचना आहे, हे मुलांना तिथेच उभं करून दाखवा. मुलांच्या चालीने दीड ते दोन तास धरा. प्रत्येकाजवळ पाणी हवं, पायात पकड असलेले बूट हवेत, आणि सुरुवात उजाडताना हवी. रोपवेची पहिली फेरी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. वारा जास्त असला किंवा देखभालीचं काम निघालं की तो बंद ठेवतात, आणि अण्णांचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. तुम्हीही उतरताना रोपवेनेच या, धाकटीचे पाय दुपारी दमलेले असतील.

भेटायची जागा नगारखाना ठरवा. तुम्ही महादरवाजातून हत्ती तलाव, शिरकाईचं देऊळ, होळीचा माळ असं करत तिथे पोचाल. अण्णा मेणा दरवाज्यातून राणीवसा बघत सावकाश येतील. नगारखान्याच्या कमानीतून राजसभेत मात्र सगळ्यांनी एकत्र शिरा. ऑक्झिंडेनने राजसभेच्या दाराशी दोन हत्ती पाहिले आणि एवढ्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं. पिल्लं असतानाच चढवली असतील असं सांगतात. मुलांना आधी विचारा, उत्तर नंतर द्या.

राजसभेत घाई करू नका. हीच ती जागा. नगारखान्यापासून सिंहासनाच्या चौथऱ्यापर्यंत दोनशे फुटांचं अंतर, तरी एका टोकाला साध्या आवाजात बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. अण्णांना सिंहासनाजवळच्या बाजूला बसवा आणि लेकीला नगारखान्याशी उभं करून तिच्या धड्यातलं काही म्हणायला लावा. हे सकाळी, माणसं यायच्या आधीच जमतं. साडेदहानंतर तिथे कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. सिंहासनाच्या जागेवरच्या मेघडंबरीपाशी चपला काढायच्या, आत शिरायचं नाही, आणि मुलाला व्हिडिओ काढायचाच असेल तर तो जरा लांबून काढेल.

मुलं विचारतील, राजवाडा कुठाय? नुसती जोती का? त्यांना खरं सांगा. वरचं बांधकाम लाकडाचं होतं. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आग लागली आणि महाल जळाले. उरले ते दगड. पण दगडसुद्धा पुष्कळ बोलतात. गंगासागर तलाव, त्याच्या काठचे मनोरे, राण्यांच्या महालांमागचे शौचकूप आणि त्यांचे निचऱ्याचे मार्ग, अठरा कारखान्यांची जागा, बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंच जोत्यांच्या दोन रांगा. लढाईची जागा शोधत गडावर फिरणारी माणसं निराश होतात. हे राज्य चालवण्याचं ठिकाण होतं. इथे अष्टप्रधान बसत होते, इथून नाणं निघत होतं, शक सुरू झाला होता. तुमच्या नववीतल्या मुलाला तलवारींपेक्षा हे समजावं असं मला फार वाटतं.

राणीवशात लेकीला येसूबाईंची गोष्ट सांगा. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने क्रूरपणे मारलं, लगोलग मोगली फौजेने रायगडाला वेढा घातला. येसूबाईंचं लेकरू, शाहू, तेव्हा लहान होतं. तरी त्यांनी धाकट्या दिराला, राजाराम महाराजांना, गडावरून बाहेर काढून दक्षिणेत जिंजीकडे जायला सांगितलं, आणि स्वतः मुलासह मागे राहून सात महिन्यांहून जास्त काळ गड लढवला. पुढे सुमारे तीस वर्षं त्या मोगलांच्या कैदेत होत्या. युनेस्कोच्या यादीतले अकरा किल्ले आपल्याकडे आणि बारावा तमिळनाडूत, तो जिंजीच. त्या दोन गडांना जोडणारा निर्णय या बाईंनी घेतला. हिरकणीची गोष्ट सगळे सांगतात, तुम्हीही सांगा. पण येसूबाईंची सांगणारी माणसं कमी भेटतात.

अण्णांची ताकद जगदीश्वरासाठी राखून ठेवा. बाजारपेठेपासून जगदीश्वराचं देऊळ आणि महाराजांची समाधी बरंच अंतर आहे, जाताना उतार आणि येताना चढ. काठी बरोबर असू द्या, निम्म्या वाटेत बसा, गडावरच्या बायका ताक आणि लिंबू-सरबत विकतात, ते घ्या. टकमक टोक अण्णांना दाखवायचं मनात आणू नका. यजमानांनी मुलांना नेऊन आणावं, वाऱ्याच्या टोकाला धाकटीचा हात सोडू नये. भवानी टोक, वाघ दरवाजा या वेळी राहू द्या.

देवळाच्या पायरीवर खाली वाकून बघा. ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’ एवढीच अक्षरं आहेत. ज्याने हा अख्खा गड उभारला, त्याने आपलं नाव पायरीवर कोरलं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली. देवळाच्या भिंतीत संस्कृत शिलालेखही आहे. त्यात विहिरी, तळी, बागा, रस्ते, हत्तीशाळा, राजवाडे अशी त्याने बांधलेल्या गोष्टींची यादी येते, आणि चंद्रसूर्य असेपर्यंत हे नांदो, असं मागणं. अण्णांनी ती पायरी पाहायलाच हवी. कष्ट केल्याशिवाय महाराजांकडे जाऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांना हिरोजी लगेच कळेल.

समाधीपाशी मुलांना एवढं सांगा की ३ एप्रिल १६८० ला महाराज याच गडावर गेले. १८१८ नंतर ही जागा झाडाझुडपांत दुर्लक्षित पडली होती. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये इथे येऊन समाधीकडे लोकांचं लक्ष वेधलं, १८९५ मध्ये टिळकांनी तिच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारायला घेतला. दोन वेगळ्या विचारांची माणसं एकाच समाधीसाठी झटली.

हरिहरेश्वराऐवजी यजमानांना एक थांबा द्यायचाच असेल तर परतीच्या वाटेवर महाडचं चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथे ओंजळीने पाणी घेतलं. वाटेवरच आहे, अर्धा तास पुरतो.

पाचाडला राहण्याची सोय आधी फोन करून ठरवा, तळमजल्याची खोली मागा आणि अण्णांसाठी कमोड आहे का ते विचारा. घरगुती जेवण मिळतं, पण किती माणसं ते सकाळीच सांगून ठेवावं लागतं. अण्णांच्या गोळ्या तुमच्या पिशवीत नकोत, यजमानांच्या खिशात द्या, कारण वर पोचेपर्यंत अण्णा त्यांच्याबरोबर असणार आहेत.